दारात सी लायन झोपलाय, नवरा बाहेर अडकलाय. काय करू?

बिऱ्हाड_पाठीवर · दुपारी २:४०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही पाच जण (मी, नवरा, सासूबाई, दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा) न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटरहोम घेऊन फिरतोय. आज नववा दिवस. सध्या कॅटलिन्सच्या किनाऱ्यावर एका छोट्या कॅम्पग्राउंडवर आहोत. वाळूची टेकडी ओलांडली की समुद्र.

जेवणं झाली. कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागला होता म्हणून नवरा ती घेऊन डंप स्टेशनला गेला. (ज्यांनी मोटरहोम वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: संडासाखाली चाकं लावलेली एक टाकी असते, तीच कॅसेट. ती बाहेरच्या बाजूने ओढून काढायची, नेऊन रिकामी करायची, धुवायची, परत बसवायची. हे काम आम्ही वाटून घ्यायचं ठरवलं होतं. नऊ दिवसांत माझी पाळी अजून आलेली नाही.)

मी भांडी घासत होते. कोणीतरी ओलं पोतं फरफटत आणतंय असा आवाज आला. खिडकीतून खाली बघते तर टेकडी उतरून एक अवाढव्य तपकिरी सी लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) थेट आमच्या दाराशी. त्याने पायरी हुंगली, शिंकला, आणि त्याच पायरीवर हनुवटी टेकून आडवा झाला. दोन मिनिटांत डोळे मिटले.

आता परिस्थिती अशी. दार त्याच्या बाजूला उघडतं. विजेची केबल त्याच्या पोटाखाली आहे. नवरा पन्नासेक पावलांवर रिकामी कॅसेट धरून उभा आहे आणि मला खुणा करतोय, कारण त्याचा फोन आत चार्जिंगला आहे. सासूबाईंना बाथरूमला जायचंय, आणि बाथरूमचा जो महत्त्वाचा भाग, तो नवऱ्याच्या हातात आहे.

हा किती वेळ झोपतो? हाकलायचा का? कसा? इकडच्या कोणाला अनुभव असेल तर लगेच सांगा.

उगाच_विचारतो · २:४६

आतून एखादं भांडं जोरात वाजवा. नाहीतर खिडकीतून पाणी टाका. जनावरच आहे, उठून जाईल.

दक्षिणटोक · २:५३

ताई, भांडं वाजवू नका. पाणीही नको. दार बंद ठेवा आणि मुलांना खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका.

मी अकरा वर्षं ड्युनेडिनला राहते. आमच्या किनाऱ्यावर हे रोजचं आहे. मोठा नर साडेतीनशे-चारशे किलोचा असतो. झोपेतून दचकून उठला की तो कुठल्या दिशेला धावेल हे आपण ठरवत नाही. आणि धावतो, बरं का. सी लायन मागची वल्ही अंगाखाली घेऊन चक्क चार पायांवर चालल्यासारखा चालतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी माझ्या चपला तिथेच सोडून आले होते.

उगाच_विचारतो, तुम्हाला रागावून सांगत नाही, पण इथे १९७८ पासून सागरी सस्तन प्राण्यांसाठी वेगळा कायदा आहे. त्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. हा जगातल्या सर्वांत दुर्मीळ सी लायनांपैकी एक आहे, दहा-बारा हजारच उरलेत. पाणी फेकण्याआधी हे डोक्यात असू द्या.

नवऱ्याला सांगा, वीस मीटर अंतर ठेवायचं. इथलं संवर्धन खातं, ज्याला सगळे डॉक म्हणतात, त्यांचा हाच आकडा आहे. आणि तो प्राणी व समुद्र यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. नवरा आत्ता टेकडीच्या बाजूला उभा असेल तर लांबून वळसा घालून ऑफिसच्या बाजूला येऊ दे. मालकाला गाठू दे, त्यांना सवय असते. जनावर जखमी वाटलं किंवा कोणाला धोका वाटला तर डॉकचा चोवीस तासांचा नंबर ०८०० ३६२ ४६८.

एक फार महत्त्वाचं विचारते. रंग काय आहे? फिकट, मलईसारखा असेल तर मादी. सध्या पिल्लांचे दिवस आहेत आणि माद्या पिल्लांना किनाऱ्यापासून आत, झाडीत आणून लपवतात. तसं असेल तर आसपासच्या झुडपांत कोणीही शिरायचं नाही.

स्टेपनी · २:५८

दक्षिणटोक यांनी प्राण्याचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो. काहीही झालं तरी इंजिन सुरू करू नका. गाडी पुढे घेऊन सुटका करू असं वाटत असेल, तर पायरी विजेवर चालणारी आहे का ते आधी आठवा. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवली की पायरी आपोआप आत जाते. त्याची हनुवटी तिच्यावर आहे म्हणालात ना?

दाराजवळ पायरीचं बटण असेल. धाकट्याला त्यापासून लांब ठेवा.

केबल: ती ज्या खांबाला लावली आहे तो खांब लांब असेल तर तिथला खटका मालकाला बंद करू दे. गाडीची आतली बॅटरी आहे, दिवे आणि नळाचा पंप चालेल. तुम्ही गॅस वापरत असाल तर त्यालाही काही होत नाही.

आणि ड्रायव्हरच्या केबिनमधून मागच्या खोलीत येता येतं ना? इथे दार डाव्या अंगाला असतं आणि ड्रायव्हरचं उजव्या.

बिऱ्हाड_पाठीवर · ३:२५

स्टेपनी, मी इंजिन सुरू करायलाच निघाले होते. किल्ली हातात होती. तुमचं उत्तर वाचून ती फ्रीजवर ठेवली आणि पाच मिनिटं नुसती बसले.

ताई, रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा, मान जाड. थोरलीने चित्रकलेच्या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत "२० मीटर. ऑफिस." लिहून खिडकीला लावलं. नवरा कॅसेट ओढत, लांबून वळसा घालून ऑफिसला गेला. मालकाने येऊन चार नारिंगी शंकू मांडले, खांबावरचा खटका बंद केला, आणि सांगितलं की तरुण नर आहे, मागच्या आठवड्यात हाच कपडे धुण्याच्या खोलीच्या दारात झोपला होता. तेव्हा एका बाईंचे कपडे तीन तास मशीनमध्ये राहिले. मग मालक आणि नवरा लांब बाकावर चहा पीत बसले. चहा! कॅसेट शेजारी उभी.

केबिनमधून मागे येता येतं, हो. पण ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरायचं म्हणजे उंच पायरी, सासूबाई एकाहत्तरच्या, गुडघ्यांनी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी काही त्याच्यासाठी उड्या मारणार नाही. त्याने उठावं." पुढे काय तोडगा काढला ते विचारू नका. गाडीत एक बादली आहे आणि ती नंतर दोनदा धुतली, एवढं सांगते.

तो अजून झोपलाय. एक सांगते: आम्ही अगदी नवखे नाही असा मला भ्रम होता. मिलफर्डच्या रस्त्यावर होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा दोन किआ पोपट येऊन वायपरचं रबर सोलून घेऊन गेले. परवा पॉरपॉइज बेमध्ये मुलं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तीन हेक्टर डॉल्फिन लाटेच्या आत, काचेतून दिसावेत तसे, पंधरा हातांवरून गेले. पाठीवरचा पंख टोकदार नाही, गोल. धाकटा म्हणाला, "त्यांना मिकी माउसचा कान लावलाय." आम्ही जागचे हललो नाही. पण ते आपण त्यांच्याकडे गेलो होतो. हा आमच्या घरी आलाय.

उगाच_विचारतो · ३:३२

माघार. मला वाटलं होतं सील म्हणजे सर्कशीतला चेंडूवाला. हा सील आणि सी लायन वेगळा का? फोटोत सारखेच दिसतात.

दक्षिणटोक · ३:५०

हरकत नाही, मलाही पहिली दोन वर्षं कळत नव्हतं. या किनाऱ्यावर तुम्हाला मुख्यतः दोघं भेटतात. फर सील, माओरीत केकेनो: नाक टोकदार, मिशा लांब, अंग लहान, आवडती जागा खडक. सी लायन: नाक बोथट, कुत्र्यासारखं, अंग दुप्पट-तिप्पट, आवडती जागा वाळू. दोघांनाही बाहेर दिसणारे छोटे कान असतात. खडकावर दिसला तर बहुधा केकेनो, तुमच्या टॉवेलवर दिसला तर सी लायन.

ताई, तुम्ही म्हणालात तो आमच्या घरी आलाय. खरं तर ते परत आलेत. माणसांनी मारून मारून मुख्य बेटांवरून ते संपवलेच होते, फक्त दक्षिणेच्या ओसाड बेटांवर उरले. १९९३ साली इथे ओटागोच्या किनाऱ्यावर एका मादीने पिल्लाला जन्म दिला. दीडशेहून जास्त वर्षांत मुख्य भूमीवर झालेला हा पहिला माहीत असलेला जन्म. तिला इथे सगळे "मम" म्हणतात, आणि आज ड्युनेडिनच्या आसपास दिसणाऱ्या बऱ्याच माद्या तिच्याच लेकी-नाती-पणत्या.

त्यांना त्यांचं जुनं रान आठवतं म्हणा किंवा काय, पण माद्या पिल्लाला घेऊन किनाऱ्यापासून दोन-दोन किलोमीटर आत जातात. आणि मध्ये आता रस्ते, गोल्फ कोर्स, लोकांची अंगणं आलीत. २०२१ मध्ये आमच्याकडे एक मादी पिल्लाला गोल्फ कोर्सवर ठेवून समुद्रावर ये-जा करत होती. मधला जॉन विल्सन ओशन ड्राइव्ह नगरपालिकेने महिनाभर गाड्यांना बंद ठेवला. मी रोज त्या रस्त्याने फिरायला जायची. महिनाभर दुसरीकडून गेले, कोणी फार कुरकुर केली नाही. एकदोघांनी केली.

तुमचा पाहुणा समुद्रात लांब जाऊन, खोल बुड्या मारून, पोट भरून आलेला असणार. ही झोप तासांची असते. चार-पाच वाजतील. पंखा असेल तर लावा आणि खिडकीशी बसा. मी तुमच्या जागी असते तर आत्ता फोन ठेवून दिला असता.

बिऱ्हाड_पाठीवर · संध्याकाळी ५:४०

गेला. पाच वाजून सात मिनिटांनी. फोन ठेवला होता म्हणून आत्ता लिहितेय.

ताई, तुमचं ऐकून तिघांनी खिडकीला नाक लावलं. जाळी बंद, काच अर्धी उघडी. तो आणि आम्ही यांच्यात दीड मीटर असेल. सासूबाई आधी वासाने पदर नाकाला लावून मागे बसल्या होत्या (वास: सडलेली मासळी आणि ओला कुत्रा, दोन्ही एकदम), पण अर्ध्या तासाने त्याही पुढे आल्या आणि त्यांनी धाकट्याला मांडीवर घेऊन सगळ्यात चांगली जागा पटकावली.

इतक्या जवळून मी कुठलंच जंगली जनावर बघितलेलं नाही. त्याचा कान अगदी एवढासा, पान गुंडाळून केलेल्या सुरळीसारखा. मानेवर जुन्या चाव्यांचे वण, केस नसलेले. पापणीच्या कडेला वाळूचे कण चिकटलेले आणि डोळ्यातून पाण्याची ओली रेघ आलेली. धाकटा म्हणाला, रडतोय. थोरली म्हणाली, नाही, डोळा धुतोय. झोपेत नाकपुड्या घट्ट मिटायच्या, जणू अजून पाण्याखालीच आहे. मग फस्स करून उघडायच्या आणि आमच्या पायपुसण्याचा कोपरा उडायचा. थोरलीने मोबाइलवर सेकंद मोजले. दोन श्वासांमध्ये एकदा एकवीस सेकंद गेले, तेव्हा आम्ही तिघींनीही श्वास धरला होता हे नंतर लक्षात आलं. अधूनमधून पुढचं वल्हं उचलून पाठीवर वाळू उडवायचा, ती खिडकीच्या चौकटीत पडायची.

मग टेकडीवर दुसरा आला आणि ओरडला. गायीचं हंबरणं आणि ढेकर यांच्या मधला आवाज. आमच्या पाहुण्याने एक डोळा उघडला. तो डोळा आधी टेकडीकडे, मग वर आमच्याकडे. सासूबाई हळूच म्हणाल्या, "उठलास का?" जांभई दिली तेव्हा दात दिसले आणि मुलं एका उडीत बेडवर. मग त्याने पाठ पायरीच्या कडेला घासली. नुसती खाज होती, पण अख्खी गाडी डावीकडे झुकली, परत आली, पुन्हा झुकली. कपाटातल्या ताटल्या खणखणल्या, फ्रीजवरची किल्ली खाली पडली. चाळीस-पन्नास सेकंद. मग तो दोन तंबूंच्या मधून, दोरीला धक्कासुद्धा न लावता, चालत गेला. खरंच चालत, ताई. मला वाटलं होतं तुम्ही वाढवून सांगताय.

नवरा कॅसेट घेऊन आला आणि पहिलं वाक्य: "काय सुंदर होता, नाही?" त्याने तो साठ फुटांवरून, हातात कप घेऊन बघितला.

आता अडचण: पायरी आत जात नाहीये. बटण दाबलं की घर्रर्र करते आणि थांबते. गाडी भाड्याची. वायपरचं रबर आधीच गेलंय. स्टेपनी?

स्टेपनी · ५:५५

बटण आता दाबू नका, फ्यूज जाईल किंवा मोटर जळेल. बिजागरीत वाळू गेली असणार. आधी कोरड्या ब्रशने, जुन्या टूथब्रशने, वाळू काढा. मग गोडं पाणी भरपूर ओता, कोमट असेल तर उत्तम. तेल किंवा ग्रीस आत्ता लावू नका, वाळू त्याला चिकटते आणि कानशीसारखी घासते. दहा मिनिटं वाळू द्या, मग एकदाच बटण.

तरी नाही गेली तर खाली वाकून बघा, मोटरचा दांडा आणि पायरी यांच्यामध्ये एक पिन असते. ती काढली की पायरी हाताने आत ढकलता येते. आत ढकलून दोरीने बांधा. बाहेर निघालेल्या पायरीने गाडी अजिबात चालवू नका, पहिल्याच अरुंद वळणावर ती कोणाच्या तरी गाडीत शिरेल.

आणि भाड्याच्या कंपनीला आजच कळवा, फोटोसकट. पायरीचे, वायपरचे, आणि सी लायनचेही. आम्ही एकदा शेवटच्या दिवशी सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा आमच्याकडे असा बघत होता की आम्हीच रबर खाल्लं. अनामत रक्कम परत यायला सहा आठवडे लागले.

ओल्या_चपला · रात्री ८:१०

उशिरा वाचतेय. तुम्ही पुढे कायकोराला जाणार असाल म्हणून लिहिते. तिथे पॉइंट कीनच्या पार्किंगमध्येच फर सील झोपलेले असतात, लाकडी फळ्यांच्या वाटेवर, बाकाखाली, दोन गाड्यांच्या मध्ये. खडकाच्या रंगाचे असल्यामुळे दिसत नाहीत. आमचे हे "फोटो, फोटो" करत मागे मागे सरकत गेले आणि ज्याला दगड समजून टेकणार होते त्याने तोंड उघडलं. चावला नाही. पण यांची पँट खडकावर फाटली आणि पुढचे चार तास ते कमरेला जर्सी बांधून हिंडले. चावले तर जखम चांगलीच चिघळते, हे तिथल्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. आम्ही खरचटलेल्या गुडघ्यासाठी गेलो होतो.

आम्ही ओहाऊ पॉइंटला धबधब्याखालच्या डोहात खेळणारी पिल्लं बघायची म्हणून मुलांना कबूल केलं होतं, जुन्या माहितीवरून. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात तिथे दरडी कोसळल्या, ती वाट गेली. रस्त्यालगतच्या सज्जावरून मात्र खाली खडकांवर खूप दिसतात. जुनी प्रवासवर्णनं वाचून जाऊ नका.

दक्षिणटोक · रात्री ९:०५

केकेनोची पिल्लं हिवाळ्यात (इथला हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट) भलतीकडेच भटकतात, त्यामुळे तुम्हाला जानेवारीत तो त्रास नाही. २०२२ च्या हिवाळ्यात उत्तर बेटावर माउंट माँगानुईला एक पिल्लू मांजराच्या झडपेतून घरात शिरून सोफ्यावर बसलं होतं. आणि घर कोणाचं, तर एका सागरी जीवशास्त्रज्ञाचं! नेमके तेच घरी नव्हते.

ताई, पुढचा मुक्काम कुठे?

बिऱ्हाड_पाठीवर · रात्री ९:३०

पायरी गेली आत! दुसऱ्या वेळच्या पाण्यानंतर. स्टेपनी, तुमचं भलं होवो. टूथब्रश नवऱ्याचा वापरला, त्याला अजून सांगितलेलं नाही.

उद्या ड्युनेडिन, परवा ओमारू. तिथे निळे पेंग्विन बघायचेत, आणि जमलं तर पिवळ्या डोळ्यांचे. धाकटा पाच डॉलरची नोट खिशात घेऊन हिंडतोय, तिच्यावर त्याचं चित्र आहे म्हणून. खर्च करू देत नाही.

दक्षिणटोक · रात्री १०:१५

नोटेवरचा तो होइहो. त्याच्यापासून पन्नास मीटर लांब राहायचं, आणि लपून. तो दुपारनंतर समुद्रातून येतो, किनाऱ्यावर एक माणूस जरी उभा दिसला तरी पाण्यातच थांबून राहतो, आणि तिकडे घरट्यात पिल्लू उपाशी. मुख्य बेटावर फार थोडे उरलेत. ओमारूजवळ बुशी बीचवर वरच्या सज्जातून बघता येतं, दुपारी तीननंतर खाली वाळूवर उतरायला बंदी असते. दुर्बीण न्या. एखादा दिसला तर नशीब समजा. मला शेवटच्या चार फेऱ्यांत एकदाही दिसला नाही.

निळे, म्हणजे कोरोरा, हमखास. जगातले सर्वांत लहान पेंग्विन, वजन किलोभर. अंधार पडला की थव्याने किनाऱ्याला लागतात आणि रस्ता ओलांडून घरट्याकडे जातात. फ्लॅश नाही, पांढरा टॉर्च नाही. लाल कागद लावून मंद उजेड चालेल, तोही जमिनीकडे. वाटेत उभं राहू नका, बाजूला व्हा आणि गप्प बसा.

आता मोटरहोमवाल्यांसाठीची गोष्ट. त्यांना गाडीखालची जागा फार आवडते. निघताना प्रत्येक वेळी चारही चाकांमागे आणि मधल्या भागात वाकून बघायचं. आणि जानेवारी ते मार्च हे त्यांचे पिसं गाळायचे दिवस. दोनेक आठवडे जुनी पिसं झडतात, नवी यायची असतात, तोवर पाणी अंगात मुरतं, म्हणून ते समुद्रात जाऊच शकत नाहीत. भर दिवसा एखादा फाटक्या उशीसारखा, मरगळलेला बसलेला दिसेल. लोक दया येऊन त्याला उचलून पाण्यात सोडतात, आणि तो बुडतो किंवा गारठतो. हात लावू नका. डॉकला फोन करा.

बिऱ्हाड_पाठीवर · तीन दिवसांनी, सकाळी ९:२०

ओमारूहून.

होइहो दिसला नाही. बुशी बीचच्या सज्जात दोन तास थंडगार वाऱ्यात उभे होतो, दुर्बिणीची पाळी लावून. धाकट्याने नोट कठड्यावर धरून त्याला "दाखवली" सुद्धा. वाऱ्याने नोट जाणार होती, सासूबाईंनी झडप घालून पकडली. खाली एक सी लायन मात्र पडलेला होता. थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं शेजारच्यांच्या नातेवाइकांकडे बघतात.

कोरोरा रात्री बघितले. काळ्या पाण्यात आधी नुसता एक डाग, मग डागाचे पंधरा पाय. चढावर थांबतात, धापा टाकतात, पुढचा निघाला की सगळे निघतात. एक जण उलटा पडला आणि बाकीचे थांबले नाहीत. मुलं एक अक्षर बोलली नाहीत, हे मी तारखेसकट लिहून ठेवलंय.

रात्री दीडच्या सुमाराला माझ्या बेडखालून आवाज यायला लागला. आधी गुरगुर, मग गाढवाच्या पिल्लाने खिंकाळावं तसा. नवरा म्हणाला, पाण्याचा पंप बिघडला. मी म्हटलं, पंप असा श्वास घेत नाही.

सकाळी धाकटा लाल जिलेटिनचा टॉर्च घेऊन (उजेड स्वच्छ होता, पण त्याला तो हवाच होता) पोटावर झोपून बघायला गेला. तुम्ही सांगितल्यापासून हे काम त्याचं आहे, दर वेळी निघताना. गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मग कुजबुजत म्हणाला, "आई, फाटकी उशी."

मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, अॅक्सलच्या खाली. मानेवर निळी नवी पिसं, खाली तपकिरी जुन्या पिसांचा पुंजका सुटून आलेला, भोवती कापूस पिंजल्यासारखा पसारा. आमच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला ती मिटण्याची पद्धत ओळखीची आहे.

डॉकला फोन केला. बाई फार गोड बोलल्या, माणूस पाठवतो म्हणाल्या, तासभर लागेल, गाडी हलवू नका. दहाला जागा सोडायची होती, ऑफिसला सांगितलं, ते हसले.

स्टेपनी, पायरी आत आहे. किल्ली फ्रीजवर आहे. कॅसेटचा लाल दिवा लागलाय आणि सासूबाईंनी आज सगळ्यांसमोर विचारलं की पाळी कोणाची. मी निघाले.